सराव प्रश्नपत्रिकेची उत्तरे दुसऱ्या दिवशी छापावीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दहावीची लेखी परीक्षा जवळ आली की मराठी वृत्तपत्रांत विषयवार मार्गदर्शन आणि सराव प्रश्नपत्रिका येऊ लागतात. ज्या गावांत शिकवणी वर्ग नाहीत किंवा असले तरी त्यांची फी परवडत नाही, तेथील मुले ही कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात, हे मी शिक्षक म्हणून पाहत आलो आहे. या उपक्रमाबद्दल एक सूचना करायची आहे. मात्र तिचे कारण आपल्याकडील उजळणीच्या रूढ पद्धतीत असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

आपल्याकडे उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणे. पाठ्यपुस्तक एकदा, मग गाइड, मग अपेक्षित प्रश्नसंच, आणि प्रत्येक वेळी हायलायटरचा नवा रंग. शेवटी पानावर अधोरेखित न झालेली ओळ शोधावी लागते. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले की येते असे वाटते. विज्ञान भाग 1 मधील 'गुरुत्वाकर्षण' या पहिल्याच प्रकरणातील मुक्तिवेगाचे, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी वस्तूला लागणाऱ्या किमान वेगाचे, सूत्र घ्या. पुस्तक उघडे असताना विद्यार्थी प्रत्येक पायरीला मान डोलावतो. पुस्तक मिटून कोरा कागद पुढे ठेवला की पृष्ठभागावरील वस्तूची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज कशासाठी करायची आणि ती शून्याबरोबर का मांडायची, येथेच पेन थांबते. 11.2 किमी प्रति सेकंद हे उत्तर त्याला पाठ असते, पण तेथवर पोहोचण्याची वाट त्याने स्वतः एकदाही चाललेली नसते.

या अनुभवाला प्रयोगाचा आधारही आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 83 टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना 71 टक्के मजकूर आठवला. आठवड्याने मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के. पाच मिनिटांनंतरची ती आघाडी हीच खरी मेख आहे, कारण रात्री धडा वाचून संपल्यावर मुलाला जो आत्मविश्वास वाटतो तो याच आघाडीतून येतो आणि पालकांनी विचारले तर 'झाला अभ्यास' हे त्याचे उत्तर त्या क्षणापुरते खोटेही नसते.

आपल्या जुन्या घरांतून तिन्हीसांजेला परवचा म्हणत, त्यात पाढे आणि पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पुस्तक न पाहता, रोज, मोठ्याने म्हणावी लागत असे. घोकंपट्टी म्हणून आपण तिची टिंगल केली आणि अर्थ न कळता पाठ करण्यापुरती ती टिंगल योग्यच होती, परंतु न पाहता आठवणे आणि ते एकाच बैठकीत न संपवता दिवसामागून दिवस पुन्हा पुन्हा करणे या त्या पद्धतीतल्या दोन चांगल्या गोष्टीही आपण त्याबरोबर टाकून दिल्या, असे मला वाटते. समजून घेतलेला धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने कोऱ्या कागदावर उतरवणे, नंतर पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाच्या पेनाने भरणे आणि पुढच्या खेपेला त्या रंगाकडेच आधी वळणे, एवढी साधी ही पद्धत आहे. पडताळणी मात्र टाळू नये, नाही तर चुकीचे उत्तरच पक्के होते.

गणितात आणखी एक अडचण असते. पाठ्यपुस्तकातील सरावसंच प्रकरणवार असल्यामुळे 'वर्गसमीकरणे' हे शीर्षक वर असताना कोणती रीत वापरायची, हा प्रश्नच पडत नाही. बोर्डाच्या 40 गुणांच्या, दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेत ते शीर्षक नसते. शाब्दिक उदाहरण अंकगणिती श्रेढीचे आहे की दोन चलांतील समीकरणांचे, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. म्हणून उजळणीच्या काळात निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे चिठ्ठ्या टाकून उचलावीत आणि सोडवावीत. आरंभी चुका वाढतात, वेळही अधिक लागतो, आणि त्याला कंटाळून मुले पुन्हा प्रकरणवार सरावाकडे वळतात. तेथे शिक्षकांनी त्यांना धरून ठेवले पाहिजे. भाषा विषयांच्या कृतिपत्रिकेत रसग्रहण व उपयोजित लेखनाला पाठांतराचा उपयोग तसाही थोडाच होतो. तेथे लिहिणे आणि ते कोणाकडून तरी तपासून घेणे, एवढेच सांगता येईल.

'अभ्यासक्रम एवढा मोठा, मिटलेल्या पुस्तकाला वेळ कुठून आणायचा?' हा आक्षेप मी पालकांकडून नेहमी ऐकतो आणि तो अगदी निराधार नाही. परंतु वेळ शाळांच्या हाताशीच आहे. पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले जातात, गुण पाहिले जातात, पालकांची सही होते आणि गठ्ठा कपाटात जातो. वास्तविक कोणाला काय येत नाही याची याहून नेमकी यादी शाळेला मिळत नाही. तीन-चार तासिका काढून, गुण गेलेले प्रश्न आठ-दहा दिवसांनी उत्तरपत्रिका न पाहता पुन्हा लिहून घेतले, तर नव्या प्रश्नसंचावर पालकांना खर्च करावा लागणार नाही.

आता सूचना. सराव प्रश्नपत्रिकेखालीच आदर्श उत्तरे छापली जात असल्याने मुले प्रश्न वाचतात, डोळे खाली नेतात आणि 'हेच लिहिले असते' असे म्हणून पान मिटतात. प्रश्नपत्रिका सोमवारी आणि उत्तरे मंगळवारी छापली, तर मधल्या रात्री निदान काही घरांत पेन हातात घेतले जाईल. उत्तरांसोबत गुणांची विभागणीही द्यावी, म्हणजे ज्यांच्या घरी तपासणारे कोणी नाही त्यांना स्वतःच पेपर तपासता येईल. दोन दिवस जागा देणे अडचणीचे असेल, तर उत्तरे त्याच अंकात पण दुसऱ्या पानावर छापली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, कराड