टॉम हाउस सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय टॉम हाउस सर,

सादर नमस्कार. आपली कधी भेट झालेली नाही. पण तुमच्या पद्धतीने शिकवणाऱ्या एका कोचमुळे माझा मुलगा बेसबॉलमध्ये टिकला, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण इथे कॅलिफोर्नियात मुलांना बेसबॉलला घालणारे आपले बरेच पालक आहेत आणि त्यांना तुम्ही माहीत असायला हवेत.

मुलगा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. चार चेंडू लक्ष्याबाहेर गेले की फलंदाज आयता पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. याने लागोपाठ दोन वॉक दिले की मैदानाच्या कडेने ठरलेलं वाक्य यायचं, "मनाने कच्चा आहे, दडपण झेपत नाही." शाळकरी पोर ते. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

नव्या कोचने त्याच्या मनाबद्दल चकार शब्द काढला नाही. आधी पुढे पडणारा पाय पाहिला. मग चेंडू काढून घेऊन हातात टॉवेल दिला, स्वतः समोर ग्लोव्ह धरून उभा राहिला आणि टॉवेलचं टोक ग्लोव्हवर आपटेल अशी पूर्ण अ‍ॅक्शन करायला सांगितली. पाऊल आखूड पडलं किंवा खांदा लवकर उघडला, की टॉवेल पोहोचतच नाही. चूक पोराला स्वतःलाच कळते, कुणी ओरडायला लागत नाही. "हा टॉम हाउसचा ड्रिल," कोच म्हणाला, आणि त्या रात्री मी तुमच्याबद्दल वाचत बसले.

1971 ते 1978 तुम्ही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, खेळलात. डावखुरे पिचर, वेग बेताचा, 29 विजय आणि 23 पराभव. 8 एप्रिल 1974 रोजी हँक अ‍ॅरनचा विक्रमी 715वा होम रन (आपल्या षटकारासारखा, कुंपणापार गेलेला फटका) अटलांटा संघाच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागेत, तुम्हीच झेललात, म्हणून लोक तुम्हाला ओळखतात. मला मोठं वाटतं ते तुम्ही मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलीत हे. 1985 पासून टेक्सास रेंजर्स संघाचे पिचिंग कोच म्हणून तुम्ही पिचर्सना अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू फेकायला लावलात. लोक हसले. पण तो चेंडू चुकीचा सुटला की हवेतच डगमगतो, लपवता येत नाही. त्याच संघाच्या नोलन रायन या पिचरने 1 मे 1991 रोजी, वयाच्या 44व्या वर्षी, सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, जमलं नाही!

पण मुलाला मी पुन्हा पुन्हा सांगते ती गोष्ट रँडी जॉन्सनची. सहा फूट दहा इंचांचा, तुफान वेगाचा आणि ताबा नसलेला सिअ‍ॅटलचा पिचर. 1992 मध्ये त्याने 144 वॉक दिले. त्याच हंगामाच्या अखेरीस तुम्ही आणि रायनने त्याला सांगितलंत, की पुढचा पाय टाचेवर पडतोय, त्याने शरीर भरकटतं, तो चवड्यावर पडू दे. पुढच्या वर्षी वॉक 99, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) 308 आणि 19 विजय. आणि तो तर तुमच्या प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू! मानसशास्त्राचा डॉक्टर, पण मनाला दोष देण्याआधी टाच पाहणारा. पाय नीट पडला की मनाला धरायला काहीतरी ठोस मिळतं, हे मला तुमच्यामुळे उमगलं.

2008 मध्ये उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल तुमच्याकडे शिकायला आले. त्यांना बेसबॉलचा गंधही नव्हता. त्याच वर्षी मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांना करारबद्ध केलं. आमच्या घरात हे आजही अभिमानाने सांगितलं जातं.

आणखी एका गोष्टीचे आभार. खेळाडू असताना स्टेरॉइड्स घेतल्याचं तुम्ही 2005 मध्ये उघडपणे कबूल केलंत. वयात येणाऱ्या मुलाशी या विषयावर बोलताना तुमचं उदाहरण फार कामी आलं.

मुलगा अजूनही वॉक देतो. पण आता दिल्यावर कडेला कोण काय म्हणतंय ते बघत नाही. माउंडवरच्या, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरच्या, मातीत आपलं पाऊल कुठे उमटलंय ते बघतो आणि पुढचा चेंडू टाकतो. त्याबद्दल तुमचे आणि तुमची विद्या आमच्यापर्यंत आणणाऱ्या त्या कोचचे मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एका पिचरची आई