‘सूदिंग म्युझिक’ म्हणजे नेमके कुठले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे सदर येते. मागच्या खेपेला त्यात ‘संगीताची आवड’ या विषयावर नमुना उत्तरे छापली होती. सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे चार मुले शिकायला येतात. त्यातल्या तिघांनी तीच उत्तरे मला घडाघडा म्हणून दाखवली, म्हणून हे पत्र.

मी मिरजेची. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून 2019 साली निवृत्त झाले. आमचे गाव दवाखान्यांचे. त्यामुळे गल्लीत एखादी तरी मुलगी नर्सिंग करून इंग्लंडची तयारी करत असतेच. तिथे नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे 7 बँड, म्हणजे गुण, लागतात. लेखनात साडेसहा चालतात, बोलण्यात चालत नाहीत. साडेसहावर अडकलेल्या मुली मग कुणाच्या तरी ओळखीने माझ्या ओसरीवर येतात.

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. त्यातली पहिली चार-पाच मिनिटे घर, काम, जेवण, गाणी असल्या साध्या गप्पांची. कसले संगीत आवडते, कधी ऐकता, शाळेत एखादे वाद्य शिकलात का, लहानपणीची आवड वेगळी होती का. सगळ्यांना वाटते हा भाग सोपा, आणि पाठ केलेले नेमके इथेच बाहेर काढतात. परीक्षकांना पाठांतर ओळखायला शिकवलेले असते, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

तर त्या सोमवारी एका नर्सने सुरुवात केली: ‘आय ॲम ॲन ॲव्हिड लिसनर ऑफ सूदिंग म्युझिक, ॲज इट रिजूव्हिनेट्स माय माइंड, बॉडी अँड सोल.’

मी विचारले, ‘सूदिंग म्हणजे कुठलं गं?’

‘कुठलं पण. सूदिंग.’

‘बरं, मराठीत सांग. काल दिवसभरात कानावर काय पडलं?’

‘काल नाइट होती मॅडम. पहाटे चारला सहा नंबरच्या आजी मोबाइलवर हरिपाठ लावतात. फोन उशीखाली ठेवतात, म्हणजे मला कळणार नाही. मला येतं की ऐकू. मी जाते, आवाज बारीक करते. बंद नाही करत. बीपी घेता घेता मीपण म्हणते.’

‘हेच इंग्रजीत सांग.’

‘हे? हे म्युझिक कुठंय?’

माझ्या मते सगळे घोडे इथेच अडते. ही मुलगी रोज पहाटे गाणे ऐकते, वर स्वतः गुणगुणते, पण ती ‘आवड’ म्हणून सांगण्याच्या लायकीची आहे असे तिला वाटत नाही. आवड म्हणजे पेपरात छापून येते ती. मी हट्ट धरल्यावर ती म्हणाली: ‘ॲट फोर मॉर्निंग, सिक्स नंबर आजी पुट हरिपाठ. फोन अंडर पिलो. आय गो, आय स्मॉल द व्हॉइस. आय डोंट क्लोज.’

चुका मोजायला बसले असते तर एका हाताची बोटे पुरली नसती. पण माझा चहा गार झाला होता, इतकी मी ऐकत होते.

मग दुरुस्तीला लागलो. आपला ‘आवाज’ फार कामाचा गडी. माणसाचा आवाज, भांड्यांचा आवाज, टीव्हीचा आवाज, पोरांचा आवाज, सगळीकडे तोच राबतो. इंग्रजीत या चार कामांना चार माणसे: व्हॉइस, साउंड, व्हॉल्यूम, नॉइज. म्हणून आजींच्या फोनला ‘व्हॉइस’ नाही. ‘आय टर्न इट डाउन, बट आय डोंट टर्न इट ऑफ.’ हे वाक्य तिने स्वतःच्या वहीत लिहून घेतले. त्यात एकही अवघड शब्द नाही, आणि ती मुलगी वॉर्डात कशी वागते ते त्यात अख्खे आहे. गाणे ‘लावणे’ म्हणजे ‘पुट’ नव्हे, ‘पुट ऑन’ किंवा ‘प्ले’. आणि ‘ऐकणे’ तर दोन: उशीखालून कानावर आले ते ‘हिअर’, मुद्दाम कान देऊन ऐकले ते ‘लिसन’. लिसनच्या मागे ‘टू’ हवाच. ‘आय ॲम लिसनिंग साँग्ज’ या वाक्याने मला नोकरीत जितका त्रास दिला, तितका कुठल्या प्राचार्यांनीही दिला नसेल.

काळांचे तर मराठीतच सगळे तयार आहे. ‘लहानपणी मी रेडिओ ऐकायचे’ हे आपण सहज म्हणतो. तेच ‘आय यूज्ड टू लिसन टू द रेडिओ’. ‘दोन वर्षं ऐकत आलेय’ म्हणजे ‘आय हॅव बीन लिसनिंग’. मुलांना व्याकरणाची नावे घोकायला लावण्याऐवजी आधी मराठी वाक्य म्हणून घेतले की जोडी आपोआप लागते. सगळीकडे लागत नाही, पण इथे लागते.

गुण द्यायचे निकष चार आणि चौघांचे वजन सारखे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. आवड चांगली की वाईट याला गुण नाहीत. मराठी वळणाच्या उच्चारालाही कुणी गुण कापत नाही, समजले म्हणजे झाले. हरिपाठ म्हणजे काय हे परीक्षकाला ठाऊक नसेल तर एका वाक्यात सांगावे, तेवढेच आणखी एक वाक्य बोलायला मिळते.

माझे हातही स्वच्छ नाहीत, हे इथेच सांगते. बारावीला तोंडी परीक्षेचे 20 गुण असायचे. ‘माय हॉबी’वर पाच ओळी कुणी न अडखळता म्हणून दाखवल्या की मी अठरा देऊन मोकळी होत असे. वर्गातल्या निम्म्यांची हॉबी तेव्हा ‘लिसनिंग टू म्युझिक’च होती. कुठले म्युझिक, हे मी एकालाही विचारले नाही. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. आज माझ्या ओसरीवर येणारी मुले त्यानंतरची, म्हणजे बारा वर्षे इंग्रजी शिकलेली. त्यांना पाठ करायची सवय कुणी लावली, याचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागत नाही.

त्या दिवशी पुरवणीतले न म्हणणारा चौथा मुलगा सतारमेकर गल्लीतला. इंजिनिअरिंगसाठी बाहेर जायचे म्हणतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कारागिरांपैकी एकाचा हा मुलगा. तो एका क्लासला जातो. तिथे त्याला सांगितले होते, तानपुरा परीक्षकाला कळणार नाही, गिटार म्हण. या पोराने आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही. माझा पारा चढला. ज्या गावात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथे दर्ग्यात उरुसाला त्यांच्या नावाने आजही गाणे होते, तिथल्या कारागिराच्या मुलाने गिटार म्हणायचे?

‘वडील काय करतात ते सांग,’ म्हटले. तो थांबत थांबत म्हणाला: ‘माय फादर पुट्स अ कॉटन थ्रेड अंडर द स्ट्रिंग. ही मूव्ह्ज इट लिटल, लिटल. सडनली द साउंड ओपन्स.’ बोलताना चिमटीत दोरा धरल्यासारखी बोटे हवेत सरकत होती. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा नेमक्या जागी आला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, खुलते, तार बोलायला लागते. ‘खुलते’चे ‘ओपन्स’ त्याने त्याचे त्याने केले, मी नाही. पुढे म्हणाला, दिवसा आमच्या घरी गाणी लावत नाहीत, वडिलांचे कान कामात असतात. मी रात्री हेडफोन लावून रॅप ऐकतो. ‘कधी ऐकता’ या प्रश्नाला याहून खरे उत्तर कुठल्या पुरवणीत मिळेल?

तेव्हा विनंती अशी. सदर बंद करू नका, त्याची गरज आहे. पण उत्तरांच्या जागी प्रश्न छापा, आणि प्रश्नाखाली चार कोऱ्या रेघा. वर मराठीत एवढेच लिहा, की काल कानावर काय पडले ते आठवा: रिक्षातले, शेजारच्या लग्नातले, आईच्या तोंडचे. नेहमीच्या चुकांची यादी हवी असल्यास मी देईन, मानधन नको. वाचक मुलांनी स्वतःची वाक्ये पाठवली तर दर आठवड्याला दोन दुरुस्त करून छापता येतील. ‘रिजूव्हिनेट्स’ मात्र काही वर्षे सुट्टीवर पाठवा.

ती नर्स परवा पुन्हा आली होती. सहा नंबरच्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. आता त्या कॉटवर एक काका आहेत, आणि ते झोपेत लावणी गुणगुणतात म्हणे. ‘गुणगुणणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिने दारातूनच विचारले.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, मिरज