गाडी आधी मेकॅनिकला दाखव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाडीचे फोटो पाहिले. रंग छान आहे, सीट स्वच्छ आहेत आणि बोनेट उघडलेल्या फोटोत इंजिनही धुऊनपुसून लख्ख केलेलं दिसतंय. हे शेवटचं मला तितकंसं आवडलं नाही. आठ वर्षं चाललेल्या इंजिनावर थोडी धूळ बसलेलीच बरी, कारण ऑइल कुठून झिरपत असेल तर त्या धुळीवर ओला डाग पडतो आणि चटकन दिसतो. धुतलं की तो पुरावाच जातो. म्हणजे मालक लबाड आहे असं मी म्हणत नाही. विकायची गाडी सगळेच घासूनपुसून उभी करतात.

तू विचारलंस, सर्व्हिसिंगची सगळी बिलं आहेत, तरी मेकॅनिकला दाखवायची गरज आहे का? आहे. सर्व्हिसिंग म्हणजे ठरलेल्या यादीप्रमाणे ऑइल, फिल्टर, प्लग बदलणं. गाडी आज कोणत्या अवस्थेत आहे हे त्या बिलांवरून कळत नाही. बिलांचा उपयोग दुसराच आहे. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग असतं. ते आकडे तारखेप्रमाणे ओळीनं लावून बघ. मध्येच आकडा मागे गेला असेल, तर पुढे बघायचंच नाही.

मेकॅनिक मालकाच्या ओळखीचा नको, हे तुला सांगायला नको. पण आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: तपासणीचे पैसे आधी ठरव आणि वेगळे दे. ‘तुम्ही फक्त बघून सांगायचं, दुरुस्ती तुमच्याकडेच करेन असं नाही,’ हे पहिल्यांदाच स्पष्ट बोल. ‘बघायचे कसले पैसे, फुकट बघतो,’ म्हणणाऱ्याची कमाई पुढच्या कामात असते, मग त्याला दिसणारे दोषही त्याच हिशोबानं दिसतात. आणि मालक गाडी लिफ्टवर चढवू द्यायला का-कू करू लागला, तर नमस्कार करून निघून ये.

गाडी थंड असताना बघायला मिळाली पाहिजे. तसं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव आणि पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. स्टार्ट व्हायला लागणारा वेळ, पहिल्या काही सेकंदांतली खडखड, पहिला धूर, हे सगळं थंड इंजिनच सांगतं. मालक किंवा मेकॅनिक चावी फिरवत असताना तू मागे सायलेन्सरजवळ उभी राहा. गारठ्यात सुरुवातीला पातळ पांढरी वाफ येते, ती पाण्याची असते आणि थोड्या वेळात विरते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत जातंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. तो त्या मानानं कमी खर्चाचा दोष असतो.

इंजिन बंद आणि थंड असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघायला सांग. तिथे पिवळट, फेसाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय अशी शंका घ्यायची. फक्त शंकाच, कारण रोज अगदी जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दमटपणामुळे असा थर जमतो. अशा वेळी चांगला मेकॅनिक लगेच निकाल देत नाही, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघतो, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का ते पाहतो, हवं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो. त्याचं हे एकावरून दुसऱ्यावर जाणं बघ. माणूस जाणकार आहे की नाही ते तिथेच कळेल. (गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण मात्र कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नकोस. उकळतं पाणी अंगावर येतं.)

चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवरचे दिवे लागलेच पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोष (कोड) वाचणारं यंत्र, लावायला सांग. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला त्याचा सॉकेट असतो. स्कॅनरवर ‘एकही कोड नाही’ आलं की सगळे खूश होतात, पण कोड पुसता येतात, अगदी पाच मिनिटांपूर्वीसुद्धा. तेव्हा पुढचा प्रश्न विचार: रेडीनेस मॉनिटर पूर्ण आहेत का? कोड पुसले की गाडीच्या या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि बरंच चालवल्याशिवाय पुन्हा पूर्ण होत नाहीत. बऱ्याचशा अपूर्ण असतील, तर कुणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. कशासाठी, ते मालकाला विचारायचं.

टायर तू स्वतः वाचू शकतेस, त्याला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चारही टायरांचे आकडे बघ, आणि स्टेपनीचाही. खाचांमध्ये तळाशी आडव्या छोट्या रबरी पट्ट्या दिसतील, त्या १.६ मिलिमीटर उंच असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण टायर किती झिजलाय यापेक्षा कसा झिजलाय हे जास्त बोलकं. मधेच झिजला असेल तर हवा जास्त भरत होते, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी. एकाच कडेला झिजलेला असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडलीय, किंवा सस्पेन्शनमधलं काही सैल वा वाकलेलं आहे. टायर नवे असतील तर ही सगळी गोष्टच वाचता येत नाही, म्हणून स्वस्तातले चार कोरे टायर बघून हुरळून जाऊ नकोस.

गाडी लिफ्टवर गेली की तूही खाली जा. कपड्यांची काळजी करू नकोस, जुनेच घालून जा. मेकॅनिक चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवेल, त्यातून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड यांतला सैलपणा कळतो. पुढच्या चाकांमागे ॲक्सलवर रबरी बूट असतात, ते फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं आहे का बघ. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरलेत ते आकड्यात विचार. तीनच्या आसपास आले असतील तर बदलायचेच. गंज वरवरचा आहे की पत्रा खाल्लाय, हे टोकदार वस्तूनं टोचून बघतात. ‘नीट आहे सगळं’ एवढ्यावर समाधान मानू नकोस, दाखवायला सांग आणि मोबाइलवर फोटो काढून घे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं अवघड, पण अशक्य नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या भागावर पाण्याची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटच्या खालचा गाळ सहसा कुणी साफ करत नाही. आत शिरताच सुगंधी स्प्रेचा भपका आला, तर नाक नको, डोळे लाव.

चालवून बघताना आधी मेकॅनिकला चालवू दे आणि तू शेजारी बस. रेडिओ बंद, काचा खाली. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवली की कटकट असा आवाज येतो का, सपाट रस्त्यावर हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबताना पेडल थरथरतं का, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग नाही, असं होतं का, एवढं तुझ्याही कानाला कळेल. एसी सगळ्यांत शेवटी लाव. तुझे बाबा गाडी एसी आणि स्पीकरवरून पसंत करतात, त्यांना त्या दिवशी सोबत नेऊ नकोस हे बरं.

शेवटी मेकॅनिकला ‘घेऊ का?’ असं विचारू नकोस. तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, दोन्ही तुझ्या फारसं उपयोगाचं नाही. कोणतं काम लगेच करावं लागेल, कोणतं वर्षभरात आणि कोणतं असंच राहिलं तरी चालेल, हे प्रत्येकाच्या अंदाजे खर्चासह लिहून माग. टायमिंग बेल्टबद्दल (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) वेगळं विचार. इंजिनात चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला. तो किलोमीटरइतकाच वर्षांनीही जुना होतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून तो खर्च लगेचच्या यादीत टाक.

तो कागद हातात आल्यावर मालकाशी किमतीचं बोल, आधी नाही. आणि बोलण्यापूर्वी त्याचा फोटो मला पाठव, आपण आकडे एकत्र बसवू.

तुझी,
आई

ता. क. गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून ताडून बघ, बहुतेक गाड्यांत तो सतरा अक्षरी असतो. आणि डिकीत जॅक व पाना आहे का तेही बघ. गाडी विकताना ते दोन्ही नेमके जुन्या मालकाच्या घरी राहतात.