बॅलिनास्लोहून आई-बाबांना

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आई "बरं बरं" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन अंगणात जातात, म्हणून लिहितेय. आम्ही इथे आयर्लंडमध्येच घर घेतलं. सह्या झाल्या, किल्ल्याही मिळाल्या. दादाला माहीत होतं. त्याला बोलू नका, मीच गप्प बसायला सांगितलं होतं.

आता चिनू दहावीला गेली की परत यायचं, हे काही जमणार नाही. माझी नोकरी पक्की झाली. गॉलवे शहरात घरांना हात लावता येत नाही. इथून ते साठेक किलोमीटर. डब्लिनची गाडी १८५१ पासून या स्टेशनात थांबते, म्हणजे विमानतळ गाठायला कुणाच्या गाडीची वाट बघायला नको. आणि घर बैठं आहे, आई. एकही पायरी नाही. तुझ्या गुडघ्यांसाठीच तसं बघितलं. तुमच्या खोलीला लागूनच बाथरूम आहे, गरम पाणी चोवीस तास. तुरीची डाळ, हिंग, सगळं मिळतं. कळण्याचं पीठ तेवढं तूच आण.

बाबा, तुम्हाला गाव दाखवायचंय. वस्ती साडेसहा हजारांची, सक नदीच्या काठावर, पण ऑक्टोबरात घोड्यांचा बाजार भरला की सारंगखेड्याची यात्राच! इथल्या जमीनदार ट्रेंच घराण्याला १७२२ मध्ये बाजाराची सनद मिळाली. पूर्वी घोड्यांपेक्षा मेंढ्याच जास्त यायच्या, सैन्यासाठी घोडेही इथून जायचे. नेपोलियनचा घोडा मारेंगो इथलाच, असं लोक छातीठोकपणे सांगतात. सांगू देत.

सौदा मात्र बघण्यासारखा. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, इथे सगळं उघड्यावर. घेणारा तरातरा निघून जातो, दलाल त्याला मनगट धरून ओढत आणतो, विकणाऱ्याचाही हात ओढतो आणि दोघांचे तळवे एकमेकांवर आपटतो. कुणी तळव्यावर थुंकतंसुद्धा. शेवटी विकणारा थोडे पैसे शकुनाचे म्हणून परत देतो. एक म्हातारा घोडीचा ओठ वर करून दात बघत होता, अगदी तुम्ही बघता तसा, एक डोळा मिटून. मी चिनूला म्हटलं, हे बघ आजोबा. मग मला तिथे थांबवेना.

गावाने पडता काळही बघितलाय. १८२८ मध्ये आलेला कालवा १९६१ला बंद झाला. १८३३ पासूनचं मनोरुग्णालय २०१३ मध्ये. कितीतरी घरं त्या पगारावर चालायची. शेजारच्या आजींचा नवरा तिथेच नोकरीला होता. त्या मला खूप जपतात. परवा गरम स्कोन आणून दिले आणि मी खाईपर्यंत दारातून हलल्या नाहीत. तशी एकटी नाहीये मी.

मी लांब गेले असं मनात आणू नका. तापात बाबांनी मला खांद्यावर घेऊन तापीच्या पुलावरून आणलं होतं, ते मला अजून तोंडपाठ आहे. अजूनही ताप आला की तुमच्याच खांद्याची आठवण येते.

आता नीट ऐका. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आईने रात्री उठताना दिवा लावायचा, विजेचं बिल मी भरते. शेताच्या बांधावर बाबांनी एकट्याने जायचं नाही. पासपोर्ट या महिन्यातच नव्याने काढायला टाका. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी आलात तर बाजार सापडेल. थंडी असते, पण स्वेटर मी घेऊन ठेवलेत. बाबांचा माप न विचारता घेतलाय, पोट वाढलं असेल तर आत्ताच सांगा.

माझी खोली भाड्याने द्यायची असेल तर खुशाल द्या. कपाटातली ट्रंक फक्त राहू द्या.

आईच्या साखरेचा रिपोर्ट आला की दादाकडून फोटो पाठवा. पूर्ण पान, नुसता आकडा नको.

तुमची,
मनू