ड्रॅक्युलाची भीती तारखांत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘ड्रॅक्युला’वरचा लेख वाचला. ‘पत्रं आणि डायऱ्यांचा पसारा’ गाळून ही कादंबरी वाचली तरी काही बिघडत नाही, असं लेखकांनी लिहिलं आहे. त्यांच्या अभ्यासाबद्दल आदर ठेवून सांगतो, सगळंच बिघडतं, कारण सगळी कादंबरी पत्रं, डायऱ्या आणि तारा यांतूनच सांगितली आहे.

मी 34 वर्षं टपाल खात्यात काढली. पत्रावर घातलेली तारीख आणि पत्र लिहिल्याची तारीख वेगळी असू शकते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच जोनाथन हार्करच्या डायरीतली 19 मेची नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. हार्कर हा इंग्रज वकील कामासाठी काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात उतरलेला. काउंट गोड बोलून त्याच्याकडून तीन पत्रं आगाऊ मागतो. इकडून टपाल क्वचितच जातं, पत्रं तयार असलेली बरी, तेवढीच घरच्यांना काळजी नको, असं कारण देतो. पहिल्यात लिहायचं की काम संपत आलं, दुसऱ्यात उद्या सकाळी निघतोय, तिसऱ्यात किल्ला सोडून बिस्ट्रिट्झ गावी पोचलो. तारखा काय घालू, असं हार्कर विचारतो. काउंट क्षणभर हिशेब करतो आणि सांगतो, 12 जून, 19 जून, 29 जून. आपलं आयुष्य किती उरलं ते हार्करला तिथेच कळतं.

मागच्या दिवाळीत पुतणीला या कादंबरीचा मराठी अनुवाद आणून दिला. दोन दिवसांत वाचून ती म्हणाली, “काका, यात घाबरण्यासारखं काय आहे?” मला तिचाच राग आला. मग पुस्तक चाळलं. 27 प्रकरणांची कादंबरी सव्वाशे पानांत बसवलेली. डायरी नाही, तारीख नाही. तीन पत्रांच्या जागी एक वाक्य, ‘आपण कैदेत आहोत हे हार्करला कळून चुकले.’ आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द ना मुखपृष्ठावर, ना आत. प्रकाशकांना पत्र टाकलं, उत्तर नाही.

त्याच रात्री माझी जुनी इंग्रजी प्रत काढली आणि तिला शेजारी बसवून ती नोंद मराठीत सांगितली. 29 जून ऐकल्यावर ती बोटांवर मोजायला लागली. “एक्केचाळीस दिवस,” म्हणाली आणि गप्प बसली. पाचव्या प्रकरणात कथा मागे जाते. जोनाथनची वाग्दत्त वधू मीना, तिचं 9 मेचं पत्र येतं, जोनाथन बरा आहे, आठवडाभरात परत येईल. ते ऐकताना पोरीने माझा दंड धरला होता. पुढे मीनाच्या 26 जुलैच्या नोंदीत जोनाथनकडून आलेली एकच ओळ असते, घरी यायला निघतोय. हे काही जोनाथनसारखं नाही, असं तिला वाटत राहतं. पुतणी ओरडलीच, “काका, हे ते दुसरं पत्र!” त्या पानावर काउंटचं नावसुद्धा यायची गरज पडत नाही. मीनाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तिला ते सांगायची सोय नाही. हा तो ‘पसारा’.

व्हॅन हेल्सिंगच्या तारेबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. मीनाची मैत्रीण ल्युसी काउंटची शिकार झालेली; आज रात्री तिच्यापाशी थांबायला चुकू नकोस, अशी तार प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग आपला जुना विद्यार्थी डॉ. सेवर्ड याला करतो. पत्त्यात परगण्याचं नाव नसतं, म्हणून ती ससेक्समधल्या भलत्याच कार्फॅक्सला जाते आणि 22 तास उशिरा मिळते. तोवर त्या घरातली रात्र होऊन गेलेली असते. ‘अपुरा पत्ता’ हा शेरा मी स्वतः कितीदा मारला आहे. पिशाचाइतकाच मला त्या शेऱ्याने घाम फोडला.

लेखासोबतचं चित्रही चुकलं आहे. कादंबरीत काउंट पहिल्यांदा भेटतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा, गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण नव्हे. आणि उन्हात त्याची राख होते हे 1897च्या पुस्तकात कुठेच नाही, ती पुढे सिनेमाने घातलेली भर. पुस्तकातला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकाडिलीत उभा असतो आणि हार्कर त्याला ओळखतो. एवढी दुरुस्ती तरी छापावी.

आणि पुरवणीत यापुढे अनुवादाची शिफारस कराल तेव्हा तो पूर्ण आहे की कापलेला, हे पुस्तकाच्या किमतीशेजारी लिहा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, मिरज