कामगारमंत्र्यांना खुले पत्र: आम्हाला फाटकाबाहेर थांबू द्या

माननीय कामगारमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी घरोघरी पार्सल पोहोचवण्याचं काम करतो. आमच्या कामातल्या रस्त्यावरच्या धोक्यांबद्दल आपल्यापर्यंत बरंच काही पोहोचत असेल. मला लिहायचंय ते रस्ता संपल्यानंतरच्या धोक्याबद्दल, म्हणजे ग्राहकाच्या घरच्या कुत्र्याबद्दल. मोकाट कुत्र्यांचा विषय इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. मी बोलतोय त्या कुत्र्याला नाव आहे, मालक आहे, आणि तो घरात आहे हे आमच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

"या हो आत, काही करत नाही तो." हे वाक्य ऐकलं नाही असा एकही रायडर सापडणार नाही. मालक खोटं बोलत नसतो. त्याला, त्याच्या मुलाबाळांना, रोजच्या पाहुण्यांना तो कुत्रा खरंच काही करत नाही. पण आम्ही पाहुणे नाही. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर भलीमोठी बॅग, घाईची चाल, आणि थेट दारापर्यंत येणं. कुत्र्याच्या नजरेतून पाहिलं तर त्याच्या हद्दीत शिरलेलं हे विचित्र आकाराचं काहीतरी आहे. शिवाय तो भुंकतो आणि आम्ही सामान देऊन निघून जातो. म्हणजे भुंकल्यावर परका पळतो, असा धडा आम्हीच त्याला रोज देत असतो. पुढच्या वेळी तो आणखी जोर लावतो, यात त्याचा काय दोष?

आम्हाला शिकवलं जातं ते चुकीचं नाही. फाटक वाजवून थांबा. डोळ्याला डोळा भिडवू नका. पळू नका, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणं त्याच्या रक्तातच आहे. अंग तिरकं ठेवा, बॅग आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, पाठ न दाखवता मागे सरका. पडलातच तर अंग आखडून मान आणि कान हातांनी झाका. शेपूट हलतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. अंग ताठ आणि नजर रोखलेली असेल तर हलणारी शेपूटही कामाची नाही. हे सगळं मी पाळतो आणि नव्या मुलांना सांगतो. पण हे उपयोगी पडतं ते कुत्रा समोर आल्यावर. तो समोर येऊच नये, ही व्यवस्था आमच्या हातात नाही. ती ग्राहकाच्या आणि कंपनीच्या हातात आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितोय.

जेवण मागवताना चमचे हवेत का, हे ॲप आठवणीने विचारतं. घरात कुत्रा आहे का आणि सामान घेताना तो बांधलेला असेल का, हे विचारायला किती खर्च येणार आहे? एका रायडरवर कुत्रा धावून गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच पत्त्यावर जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या स्कॅनरमध्येच ही सोय केलेली आहे: कोणत्या घरी कुत्रा आहे याची सूचना पोस्टमनला मिळते. आणि कुत्रा मोकळा राहत असेल, तर त्या घरची टपालसेवा थांबवता येते. घरच्यांनी पोस्टात येऊन टपाल न्यावं. एवढं करूनही तिथे २०२४ साली टपाल कर्मचाऱ्यांवर कुत्र्यांनी केलेल्या हल्ल्यांची संख्या ६,०००च्या वर गेली. हा आकडा आपल्याला कळतो, कारण तिथे कोणीतरी मोजतं. आम्हाला कुत्रा चावला की ऑर्डर 'रद्द' दिसते, बस्स.

महोदय, माझी मुख्य मागणी एकच आहे. कुत्रा मोकळा दिसला तर फाटकाबाहेर थांबण्याचा, ग्राहकाला बाहेर बोलावण्याचा आणि तो आला नाही तर परत फिरण्याचा हक्क आम्हाला कायद्याने द्या. आणि त्यापायी आमचं काहीही कापलं जाऊ नये. आज नाही म्हणायला कोणी अडवत नाही, हे खरं. पण घड्याळ चालू राहतं, ग्राहक एक तारा देतो, पुढच्या ऑर्डरी कमी होतात. असं स्वातंत्र्य कागदावरच शोभतं. रायडरने कुत्र्याचं कारण नोंदवलं की ॲपमधली वेळ तिथेच थांबावी, त्या ऑर्डरचं रेटिंग धरू नये आणि फेरीचे पैसे मिळावेत. कोणी याचा गैरफायदा घेईल, ही शंका कंपन्या नक्की काढतील. घेईलही एखादा. पण त्याच पत्त्याबद्दल वेगवेगळे रायडर तेच नोंदवत असतील, तर खरंखोटं लगेच कळतं.

ग्राहकांवरची जबाबदारी फार मोठी नाही. दार उघडण्याआधी कुत्रा दुसऱ्या खोलीत घालून कडी लावायची, एवढंच. एका हाताने पट्टा ओढून धरत दुसऱ्या हाताने पार्सल घेणं ही आमच्या लेखी सर्वांत वाईट पद्धत आहे. कुत्रा आधीच चवताळलेला असतो आणि मालकाचा अर्धा जीव पार्सलात. लहान मुलाला सामान घ्यायला पाठवणंही टाळावं. आम्ही मुलाकडे हात पुढे केला की कुत्र्याला तो हल्ला वाटू शकतो.

घर मालकाचं, मग आतल्या कुत्र्यावर कायदा कसा चालणार, असं कोणी आपल्याला सांगेल. ब्रिटनमध्ये १९९१च्या धोकादायक कुत्र्यांबाबतच्या कायद्यात नेमकी हीच पळवाट होती. टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मोहीम चालवली, आणि २०१४ साली इंग्लंड व वेल्समध्ये तो कायदा खासगी जागेलाही लागू झाला.

आता चावल्यानंतरचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रस्त्यात पुढचं पार्सल घेऊन उभा असलेला माणूस ती १५ मिनिटं आणि तो नळ कुठून आणणार? मग लस, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं देणारं इंजेक्शन), धनुर्वाताचं इंजेक्शन, पुन्हापुन्हा दवाखान्याच्या फेऱ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे यातला एकही डोस 'उद्या बघू' म्हणून पुढे ढकलता येत नाही. तरी मुलं ढकलतात, कारण त्या दिवशीची कमाई बुडते. उपचाराचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च कंपनीने उचलावा. जोखमीचं काम करणाऱ्यांना रेबीजची लस आधीच देता येते, आणि ती घेतलेल्याला चावा बसल्यावर कमी डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पशुवैद्यांना जी लस देतात ती आम्हाला का नको, हे आपल्या वैद्यकीय सल्लागारांना एकदा विचारून पाहावं.

कुत्र्यांवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. कित्येक घरांतली कुत्री मला ओळखतात आणि मीही त्यांना नावाने हाक मारतो.

या नियमांचा मसुदा ठरेल त्या बैठकीला कंपन्यांचे अधिकारी असतीलच. तिथे दोन-चार रायडरांनाही बोलवा, आणि बैठकीच्या दिवसाची मजुरी त्यांना मिळेल असं पाहा, म्हणजे ते येऊ शकतील.

आपला विश्वासू,
एक डिलिव्हरी कामगार