शॉर्टवेव्ह म्हणजे केवळ स्मरणरंजन नव्हे

रविवारच्या अंकातील शॉर्टवेव्ह रेडिओवरील लेख आवडला. मात्र दूरदूरची केंद्रे ऐकण्याचा हा छंद आता स्मरणरंजनापुरताच उरला आहे, हा निष्कर्ष पटला नाही. शॉर्टवेव्हच्या लघुलहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचतात, वाटेत केबल किंवा उपग्रह लागत नाही. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यावर हल्ला होताच बीबीसीने युक्रेनसाठी दररोज चार तासांचे शॉर्टवेव्ह प्रसारण सुरू केले. क्यूएसएल कार्डे (केंद्र ऐकल्याची पोच म्हणून मिळणारी कार्डे) जमवणाऱ्या आमच्यासारख्यांना खरखरीतून क्षीण केंद्र ओळखण्याची जी सवय जडते (घरच्यांना ती वेडच वाटते), ती अशा वेळी कामी येते. याच बीबीसीने जानेवारी २०२०च्या अखेरीस हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवले होते, याचा उल्लेखही लेखात हवा होता.

– एक श्रोता, सातारा